लोकरीची सुई आणि आपल्या तासाचा हिशेब

(सामुदायिक रेडिओवरील भाषण)



आज एका छोट्या सुईबद्दल बोलायचं आहे. ही शिवायची सुई नाही. हिला नेढं नसतं, त्यामुळे दोरा ओवायचा प्रश्नच नाही. बोटभर लांब, वरच्या टोकाला वाकवलेली, आणि खाली तिच्या तीन कडांवर बारीक बारीक खाचा. या सुईने मेंढीची लोकर टोचत राहायची, की ती लोकर हळूहळू घट्ट होते आणि तिची वस्तू बनते. चुंबळ बनते, टाचण्या खोचायची गादी बनते, झेंडूच्या फुलांचं तोरण बनतं, तान्ह्या पोळ्याचा नंदी बनतो. शिवण नाही, डिंक नाही, विणकाम नाही.

गेल्या काही महिन्यांत दोन-तीन गटांनी मला विचारलं, "ताई, हा धंदा आपण धरावा का?" फोनवर सगळ्यांनी असे गोंडस प्राणी बघितलेत. त्याचं सरळ हो किंवा नाही असं उत्तर मी देणार नाही. काम कसं चालतं ते सांगते, मग हिशेब मांडून दाखवते. ठरवायचं तुम्ही, तुमच्या गटाच्या बैठकीत. जवळ वही-पेन असेल तर घेऊन बसा, पुढे आकडे येणार आहेत.

आधी लोकर कशी धरते ते समजून घेऊ. आपण कापसाच्या मुलखातल्या बाया. सरकी काढलेली रुई आपल्या हाताला माहीत आहे. रुईचा गोळा कितीही दाबा, सोडला की तो मोकळा होतो. लोकरीचं तसं नाही. लोकरीच्या प्रत्येक केसावर माशाच्या खवल्यांसारखे अगदी बारीक खवले असतात, डोळ्यांना दिसत नाहीत इतके बारीक. दोन केस एकमेकांवर घासले की हे खवले एकमेकांत अडकतात आणि मग सुटत नाहीत. स्वेटर गरम पाण्यात चोळून धुतला की तो आटून लहान पोराच्या मापाचा होतो, त्याचं कारण हेच. म्हणजे ज्या गोष्टीने स्वेटर बिघडतो, तिच्यावरच ही कला उभी आहे.

ही विद्या जुनी आहे. कोल्हापूरकडे लोकर न विणता, पाणी मारून, दाबून जाड बैठक करतात, तिला जेन म्हणतात. काश्मीरचा नमदा आणि राजस्थानातल्या टोंकचा नमदा हेही असेच, दाबून केलेले. सुईची पद्धत मात्र नवी आहे. कारखान्यात लोकरीचा जाड पत्रा करायला हजारो खाचांच्या सुया लावलेली यंत्रं असतात. त्यातली एक सुई हातात धरून वस्तू घडवायची रीत अमेरिकेत 1980 च्या दशकात सुरू झाली आणि मग जगभर पसरली. सुईच्या खाचा खालच्या बाजूने तोंड करून असतात. आत जाताना त्या केस ओढून आत नेतात, बाहेर येताना मोकळ्या येतात. केस आतच राहतो. असं शेकडो वेळा झालं की आतली लोकर घट्ट होते.

आता लोकर आणायची कुठून? इथे एक फसगत होऊ शकते. बाजारात आपण दुकानदाराला लोकर मागतो आणि तो रंगीत गुंडे देतो. तोरणं, रुमाल आपण त्याचेच करतो. त्यातले बहुतेक गुंडे मेंढीचे नसतातच, ते ॲक्रिलिक असतं, म्हणजे एक प्रकारचं प्लॅस्टिक. ओळखायची सोपी रीत सांगते. लहानसा धागा चिमट्यात धरून काडी लावा. केस जळाल्यासारखा वास आला आणि राख बोटाने चुरगळली तर ती खरी लोकर. धागा वितळला आणि टोकाला कडक मणी झाला तर ते प्लॅस्टिक. गरम गंज उतरवायची चुंबळ करायची असेल तर हे तपासलंच पाहिजे. खरी लोकर सहजासहजी पेट घेत नाही आणि वितळत नाही. प्लॅस्टिक वितळून भांड्याला चिकटेल आणि हात भाजेल.

मग खरी लोकर? तुम्ही रस्त्याने जाता तेव्हा ती तुमच्या बाजूने चालत जाते. कच्छमधून आलेले रबारी लोक उंट आणि मेंढ्यांचे कळप घेऊन कित्येक वर्षांपासून विदर्भात फिरतात. आपण त्यांना उंटवाले म्हणतो. पीक निघालं की शेतकरी त्यांना बोलावून शेतात मेंढ्या बसवतात, लेंडीखतासाठी. आपले धनगर बांधवही आहेतच. मेंढीची लोकर वर्षातून साधारण दोनदा कातरावी लागते, नाहीतर मेंढीलाच त्रास होतो. पण जाड्याभरड्या देशी लोकरीला आता गिऱ्हाईक उरलेलं नाही. मऊ लोकर बाहेर देशातून येते, स्वस्त ब्लँकेटं प्लॅस्टिकच्या धाग्याची येतात. त्यामुळे पुष्कळ ठिकाणी कातरणीची मजुरीही लोकरीतून निघत नाही आणि लोकर फेकून दिली जाते. ती लोकर आपल्या कामाची आहे. सुईकामाला, विशेषतः वस्तूच्या आतल्या भरावाला, जाडीभरडी लोकर चांगली धरते. वरून मऊ थर हवा असेल तर तेवढ्यापुरती थोडी मऊ लोकर विकत घ्यावी.

पण एक ध्यानात ठेवा. मेंढपाळाला ती फेकायची असली तरी आपण फुकट मागू नये. किलोमागे काहीतरी भाव ठरवावा. आज फुकट घेतली तर उद्या तो जपून ठेवणार नाही, कातरताना काटेकुटे, शेण वेगळं काढणार नाही. पैसे दिले तर तोच सांगेल, "ताई, पोटाखालची घेऊ नका, पाठीवरची न्या." पाठीवरची आणि खांद्यावरची लोकर स्वच्छ आणि लांब असते.

आणखी एक, हे जरा गंभीरपणे ऐका. मेलेल्या जनावराची लोकर कधीही घ्यायची नाही. जनावरांना फाशी नावाचा रोग होतो, माणसाला झाला की त्याला काळपुळी म्हणतात. तो कातडीतून आणि लोकरीतून माणसाकडे येऊ शकतो. जिवंत, धडधाकट कळपाचीच लोकर घ्या, आणि ती निवडताना नाकातोंडाला रुमाल बांधा, हातमोजे घाला. हाताला जखम असेल त्या बाईने निवडायला बसू नये.

धुण्याची रीत अशी. आधी कोरडीच झटकून काटे, गोखरू, लेंड्या काढायच्या. मग टोपलीत किंवा जाळीच्या पिशवीत घालून कोमट पाण्यात बुडवून ठेवायची. पाण्यात रिठा उकळून घातला तर साबण लागत नाही. चोळायचं नाही, पिळायचं नाही, ढवळायचं नाही. चोळलं की तिथेच गोळा होईल. पाणी बदलताना जेवढं कोमट आधी होतं तेवढंच पुन्हा घ्यायचं, गरमातून एकदम गारात टाकायची नाही. तीन-चार पाणी झाली की सावलीत पसरून वाळवायची. आधी वजन करा, वाळल्यावर पुन्हा करा. किलोभर आणली म्हणजे किलोभर हाती राहत नाही, बरंचसं वजन मळाचं आणि तेलकटपणाचं असतं. हिशेबात धुतलेल्या लोकरीचं वजन धरायचं.

मग पिंजायची. दोन तारेचे ब्रश घेऊन एकावर लोकर ठेवायची आणि दुसऱ्याने विंचरायची, केस एका दिशेला येईपर्यंत. ज्यांनी आजीला पेळू करताना पाहिलं असेल त्यांना हे लगेच जमेल. रंग हवा असेल तर तुरटीच्या पाण्यात आधी लोकर उकळून घ्या, मग रंगात घाला. उन्हाळ्याच्या तोंडाला आपल्याकडे पळस फुलतो, त्याच्या फुलांचा छान पिवळा येतो. डाळिंबाच्या सालीचाही येतो. हळदीचा रंग सुंदर दिसतो पण उन्हात उडतो, म्हणून विकायच्या मालाला हळद नको.

आता हत्यारं. सुया वेगवेगळ्या जाडीच्या मिळतात. त्यांना नंबर असतात: 36, 38, 40. नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक. देशी लोकरीला सुरुवातीला 36 ची, आकार आल्यावर 38 ची आणि शेवटी वरून गुळगुळीत करायला 40 ची. खाली ठेवायला गादीच्या फोमचा दोन इंच जाड तुकडा लागतो. फोम नसेल तर सुतळीच्या पोत्याची छोटी थैली शिवून त्यात तांदूळ घट्ट भरा, तीही चालते. मांडीवर ठेवून टोचायचं नाही.

पहिला धडा म्हणजे गोळा. आवळ्याएवढा गोळा हवा असेल तर लिंबापेक्षा मोठा लोकरीचा पुंजका घ्या. पट्टी करून ती घट्ट गुंडाळा, पापडाची लाटी वळतो तशी. मग फोमवर ठेवून सुई सरळ आत घाला आणि ज्या वाटेने गेली त्याच वाटेने सरळ बाहेर काढा. सुई आत असताना हात वाकडा केला की ती मोडलीच समजा. तिचं पोलाद कडक असतं, वाकत नाही, तुटतं. पाच-सहा वेळा टोचलं की गोळा फिरवा. एकाच बाजूला टोचत बसलात तर गोळ्याची भाकरी होईल. सुरुवातीला खोल टोचा, आकार येत गेला की कमी खोल. झालं की नाही हे बोटाने कळतं. कणकेच्या गोळ्यासारखं बोट आत जात असेल तर अजून टोचा. दाबल्यावर रबरी चेंडूसारखं उलटून येत असेल तर झालं.

दुसरा धडा जोडायचा. नंदीचं उदाहरण घेऊ. आपल्या आर्वीकडचा गवळाऊ बैल पांढरा असतो, आणि पांढरी लोकर मिळाली तर रंगवायचीही गरज नाही. धड वांग्यासारखं करा. पाय चार, अगदी सारख्या लांबीचे, नाहीतर नंदी डुलेल. प्रत्येक पायाचं वरचं टोक न टोचता मोकळं, झुपकेदार ठेवायचं. तो झुपका धडावर पसरायचा आणि सगळ्या बाजूंनी टोचून धडात मुरवायचा. शिंगं तशीच, कान तसेच. वशिंड मात्र विसरू नका. फोनवरचे नमुने परदेशी गाई-बैलांचे असतात, त्यांना वशिंड नसतं. वशिंड नसलेला नंदी आपल्या पोरांना बैल वाटणारच नाही. सिंदी रेल्वेचा तान्हा पोळा आपल्या जिल्ह्यात नावाजलेला आहे, तिथे लाकडी नंदी एकेक बघण्यासारखे असतात. बोजारा मागायला निघालेल्या लहान पोराच्या हातात लोकरीचा हलका नंदी शोभून दिसेल. खाली सुताराकडून चाकांची फळी करून घ्यायची.

वस्तू झाली की तिच्यावरून लोहचुंबक फिरवायचं. सुईचं तुटलेलं टोक आत राहिलं असेल तर कळतं. लहान मुलाच्या हातात जाणाऱ्या वस्तूला हे केल्याशिवाय गटाबाहेर जाऊ द्यायचं नाही. काम करताना डाव्या हाताच्या दोन बोटांना चामड्याची टोपणं घाला, बोलत-बोलत, टीव्ही बघत टोचू नका, आणि सुया मोजून डबीत ठेवा. खोल टोचलं तर धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलंय का ते बघा. आणि पावसाळ्यात माल दमट जागी ठेवू नका. लोकरीला कसर लागते. चांगली वाळवून, कडुनिंबाचा वाळलेला पाला घालून, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा आणि महिन्यातून एकदा ऊन दाखवा.

इथपर्यंत काम झालं. आता हिशेब.

एका गटाच्या बैठकीत मी विचारलं, "एका नंदीला किती वेळ लागला?" सगळ्या एकमेकींकडे बघायला लागल्या. मग एक काकू म्हणाल्या, "ताई, घरीच तं रायतो आपण. संध्याकाळी बसल्या बसल्या करतो. त्या वेळचे काय पैशे लावाचे?"

मैत्रिणींनो, आजचं माझं सगळं बोलणं काकूंच्या या एका प्रश्नासाठी आहे. बसल्या बसल्या म्हणजे काय? ती बाई सकाळी पाचला उठलेली असते. निंदणाला किंवा वेचणीला जाऊन आलेली असते. स्वयंपाक झाला, भांडी झाली, आणि मग जो एक तास तिच्या पाठीला टेकायला मिळाला असता, तो तास ती सुईला देते. तो तास फुकटचा नाही. आणि आपणच त्याला शून्य लिहिलं तर गिऱ्हाईक कशाला पैसे लिहील?

यासाठी आपल्याला दूर कुठे बघायला नको. 1935 साली गांधीजी आपल्या वर्ध्यात मगनवाडीत राहत होते. तेव्हा खादी स्वस्त विकता यावी म्हणून सूत कातणाऱ्या बाईला अगदी थोडी मजुरी मिळत असे. गांधीजींनी आग्रह धरला की कातणारीला आठ तासांच्या चांगल्या कामाचे आठ आणे मिळाले पाहिजेत. लोक म्हणाले, खादी महागेल, खपणार नाही. चरखा संघाला एकदम आठ आण्यांपर्यंत जाणं जमलं नाही, पण त्याच वर्षी कातणारीला पोटापुरती किमान मजुरी मिळालीच पाहिजे असं धोरण संघाने स्वीकारलं आणि मजुरी वाढवली. वस्तूचा भाव आधी ठरवून उरलेलं बाईला द्यायचं, की बाईची मजुरी आधी धरून मग वस्तूचा भाव काढायचा, हा प्रश्न आपल्याच गावात नव्वद वर्षांपूर्वी विचारला गेला होता.

तर आपणही मजुरी आधी धरू. 2025-26 साली महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला 312 रुपये होती. आठ तासांनी भागलं तर तासाला 39 रुपये. हा आपला सगळ्यात खालचा आकडा. यापेक्षा कमी पडत असेल तर ते काम धंदा म्हणून करायचं नाही.

आता लिहून घ्या. हे आकडे उदाहरणाचे आहेत, तुमच्या गावचे भाव घालून तुम्ही पुन्हा करा. धुऊन-पिंजून, त्या कामाची मजुरी धरून, लोकर किलोला 400 रुपये पडली असं धरू. एक वीतभर नंदी, लोकर 80 ग्रॅम, म्हणजे 32 रुपये. सुया मोडतात, त्याचे 12 रुपये. चाकांची फळी 40 रुपये. हात बसलेल्या बाईला चार तास, म्हणजे 156 रुपये. बेरीज 240. त्यावर बिघडलेला माल, जाणं-येणं, पिशवी यांसाठी दहा टक्के, म्हणजे 24. एकूण 264 रुपये. हा नंदी 264 च्या खाली विकला तर आपण मजुरीतून घालतोय.

आणि बाजारात कोणी घासाघीस करून 150 ला मागितला, आपण दिला, तर काय होतं? 150 मधून सामान, फळी आणि वरखर्चाचे 108 गेले. राहिले 42. चार तासांचे 42, म्हणजे तासाला साडेदहा रुपये. हातात दीडशेची रक्कम बघून बरं वाटतं, पण तासाचे साडेदहा पडले हे वहीत लिहिल्याशिवाय दिसत नाही.

दुसरी वस्तू बघा. नारळाच्या अर्ध्या करवंटीत बसवलेली टाचण्यांची गादी. लोकर 20 ग्रॅम, 8 रुपये. सुईचे 3. करवंटी घासून तयार करायचे 5. वेळ पाऊण तास, 29 रुपये. बेरीज 45, वर दहा टक्के, म्हणजे पन्नास रुपये. ही साठ-सत्तरला शिवणक्लासच्या मुली आणि गावातल्या शिलाई करणाऱ्या ताई घेऊ शकतात, कारण त्यांना तिचा उपयोग आहे. लोकरीत थोडा तेलकटपणा राहतो, त्यामुळे टाचण्या-सुया लवकर गंजत नाहीत. गिऱ्हाइकाला हे सांगा.

तिसरी, चुंबळ. गरम गंज, माठ ठेवायला. सगळी सुईने केली तर पाच तास लागतात, म्हणजे मजुरीच 195. लोकर 120 ग्रॅमचे 48, सुयांचे 15, दहा टक्के धरून जवळजवळ 284 रुपये. गावात कोण घेईल? पण आमच्या एका गटातल्या बायांनी युक्ती काढली. लोकरीचा पीळ करून त्याचं कडं बांधलं आणि आधी गरम साबणाच्या पाण्यात हातांनी घोळून घोळून अर्धं घट्ट केलं, जेन करतात त्याच तत्त्वाने. वाळल्यावर फक्त जोड आणि आकार सुईने केला. वेळ अडीच तासांवर आला. मजुरी 98, लोकर 48, सुया 6, वर दहा टक्के, एकूण 167. वस्तू तीच, फक्त बायांनी डोकं चालवलं. आपल्याला मजुरी कमी करायची नाही, लागणारा वेळ कमी करायचा आहे. या दोन गोष्टींत फरक आहे.

आता कर्जाबद्दल. बाहेरून एक विक्रेता काही गावांत फिरून गेला. "सुया, रंगीत लोकर, फोम असा संच घ्या, प्रशिक्षण आम्ही देऊ, तयार माल आम्हीच परत घेऊ" असं सांगत होता. लेखी काही नव्हतं. परत घ्यायचा भाव किती, माल नापसंत केला तर काय, संच किती दिवस पुरेल, याचं उत्तर नव्हतं. असा कोणी आला तर भांडू नका, चहा पाजा, पण चार गोष्टी कागदावर मागा: भाव, मुदत, नापसंतीचा नियम आणि सही. ते मिळेपर्यंत गटाच्या फिरत्या निधीला हात लावू नका. तो पैसा सगळ्यांच्या बचतीच्या जोरावर आलेला असतो. एकीच्या घरी दवाखाना निघाला, एकीला पेरणीला बियाणं लागलं, तर तोच पैसा उपयोगी पडतो.

सुरुवात कर्जाशिवाय होते. चार जणी, सहा सुया, एक फोमचा तुकडा, दोन किलो लोकर. दहा गाद्या, चार चुंबळी करून आधी आपल्याच घरी महिनाभर वापरा. चुंबळ दबते का, केस सुटतात का, धुतल्यावर काय होतं, हे आपल्याला माहीत असलं पाहिजे. मग आठवडी बाजारात, ग्रामसंघाच्या बैठकीत ठेवून बघा. तान्ह्या पोळ्याआधी नंदी, दिवाळीआधी तोरण, असं सण बघून काम धरा, बारा महिने एकच वस्तू नको. उमेदच्या सरस प्रदर्शनात शहरातलं गिऱ्हाईक भेटतं आणि हाताच्या कामाला भाव देतं, पण तिथे जायचा खर्चही वहीत लिहायचा. वर्ध्याला गेलात तर मगन संग्रहालय बघून या. 1938 साली गांधीजींच्या हस्ते सुरू झालेलं आहे. ग्रामोद्योगाच्या वस्तू कशा मांडतात, कशा विकतात ते बघायला मिळेल.

आणि सगळ्या गटांनी हे धरावंच असं नाही. ज्या गावाजवळ कळप थांबत नाहीत, तिथे लोकर लांबून आणून परवडणार नाही. ज्यांच्या डोळ्यांना जवळचं नीट दिसत नाही किंवा मनगट दुखतं, त्यांनी टोचायचं काम घेऊ नये. धुणं, पिंजणं, वजन, हिशेब ही कामंही तितकीच महत्त्वाची आहेत आणि त्यांचेही तास लिहायचे आहेत. पापड, लोणचं, शिलाई यात तुमच्या गटाला तासाला यापेक्षा जास्त पडत असेल तर तेच करा. हौस म्हणून नातवासाठी एक नंदी जरूर करा, त्याचा हिशेब कोणी मागणार नाही.

येत्या बैठकीसाठी एक काम देते. गटाच्या वहीचं एक नवं पान घ्या. त्यावर चार रकाने आखा: वस्तू, सामान, तास, भाव. तुमचा गट आज जे काही करून विकतो, मग ते पापड असोत की पिशव्या, त्यातली एक वस्तू घ्या आणि तिसरा रकाना खरा खरा भरा. ज्या बाईने काम केलं तिलाच विचारून भरा. काकूंच्या गटाने आता भरायला सुरुवात केली आहे. त्यांच्या वहीत नंदीपुढे आधी चार तास लिहिले होते, नंतर खोडून साडेचार केले, कारण लोकर विंचरायला सुनेने घेतलेला अर्धा तास कोणी धरलाच नव्हता.